तिसऱ्या चढाईचा गडी

हिवाळ्यात कळंबोलीच्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर हॅलोजनचे दिवे लागले की आसपासच्या सेक्टरांतल्या पोरांना वेगळं निमंत्रण लागत नाही. एकीकडे द्रुतगती मार्गाच्या दिशेनं निघालेल्या ट्रेलरांची घरघर, दुसरीकडे सिडकोच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून वाकून बघणारी माणसं आणि मधे पाणी मारून दाबलेल्या मातीवर फक्कीनं आखलेलं मैदान. स्टेजवर चषकांची रांग. पाहुण्यांचे सत्कार संपता संपत नाहीत. निवेदकाचा घसा पहिल्या सामन्यातच बसलेला असतो, पण तो थांबत नाही.

गर्दी बघते ती चढाई करणाऱ्याचे हात. हात कुणाला लागला, पंचांचं बोट कुणाकडे गेलं, किती बाद झाले. पण गुणलेखकाच्या टेबलापासून थोडं बाजूला, खुर्ची उलटी फिरवून बसलेली दोन-तीन माणसं असतात. ती टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचं लक्ष मुलाच्या पायांवर असतं, आणि मुलगा मध्यरेषा ओलांडून परत आल्यावरसुद्धा नजर त्याच्यावरच राहते. तो धापा टाकतोय का, कुणाकडे बघतोय, पुढची चढाई कुणाची हे तो ठरवतोय की दुसरं कुणी ठरवतंय. कुणी जुना खेळाडू, कुणी शाळेतला क्रीडाशिक्षक, कुणी जिल्ह्याच्या निवड समितीवर बसलेला.

‘पारख’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला तेव्हा सोनं, आंबा, गुरं आणि स्थळं हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे बघून हा पुढे व्यावसायिक लीगमध्ये टिकेल की नाही हे सांगणं, यासारखी अवघड आणि वारंवार चुकणारी पारख आज महाराष्ट्रात दुसरी नसेल. त्या पारखीवर आता कोटींचे आकडे लागतात. आणि तिची पहिली पायरी अजून अशा मातीच्या मैदानाच्या कडेलाच आहे.

लोखंड बाजाराच्या आसपास

कळंबोलीची बाहेरच्यांना ओळख दोन गोष्टींनी असते: लोखंड-पोलाद बाजार आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं टोक. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि हा सिडकोचा नोड तिच्यात गेला. पण कबड्डीच्या नकाशावर कळंबोलीची जागा जरा वेगळी आहे. इथे दोन कबड्ड्या एकमेकींना भेटतात.

एक रायगडची. आगरी-कोळी गावांची, खाडीकाठची, भातकापणी झाली की सुरू होणारी. पेण, अलिबाग, रोहा, उरण, पनवेल या पट्ट्यात गावागणिक संघ, आणि संघाचं नाव बहुधा गावदेवीचं नाहीतर हनुमानाचं. रोडपाली, खिडुकपाडा यांसारखी मूळ गावं सिडकोच्या सेक्टरांत वेढली गेली, पण खेळाची ओढ तुटली नाही. दुसरी कबड्डी घाटावरची. लोखंड बाजारात माथाडी म्हणून, ट्रान्सपोर्टमध्ये चालक म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं आली, त्यांच्या घरांतून ती आली. किनाऱ्यावरचा गडी साधारणपणे चपळ, कमरेत लवचिक, हूल देण्यात पटाईत. घाटावरचा अंगानं भरलेला, तालमीचा वारा लागलेला, घोळक्यातून ओढत बाहेर येणारा. अर्थात हा ठोकताळा आहे आणि तो मोडणारी पोरं दर वर्षी निघतात. एकाच शाळेच्या संघात या दोन जातीचे चढाईपटू असले, तर प्रशिक्षकाला दोघांना एकच धडा देऊन भागत नाही.

मैदानाची मातीही पारखीचा भाग आहे. नियमावलीत माती, खत आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या भुसभुशीत मैदानाचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात दगड-काच वेचायची, माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, इतकं झालं तरी पुष्कळ. अशा जमिनीवर अनवाणी खेळणारा मुलगा अंगठ्यानं माती धरतो. त्याची सगळी चाल त्या अंगठ्यावर बेतलेली असते.

पाय आधी, हात नंतर

चढाईपटूचं काम कागदावर सोपं आहे. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे समोरचं अंगण साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. तीस सेकंदांत ‘कबड्डी कबड्डी’चा दम न सोडता निदान रेषा ओलांडायची किंवा कुणाला तरी शिवायचं, आणि जिवंत परतायचं. समोर सात जण.

त्या सात जणांत दोन कोपरारक्षक टोकाला, त्यांच्या आत दोघं, मग मध्यरक्षक, आणि बहुतेक जण एकमेकांचे हात धरून साखळीत. चढाईपटू उजवीकडे सरकला की अख्खी साखळी सरकते. डावा कोपरा पाठीमागून घोट्यावर झेप घ्यायला टपलेला असतो. मध्यरक्षक धडक मारून मैदानाबाहेर काढायच्या बेतात. यातला कोण आधी हलेल आणि कोण त्याच्या मदतीला येईल, हे चढाईपटूनं ओळखायचं, तेही तोंडानं दम चालू ठेवून. म्हणून जाणकार आधी पाय बघतात. पाऊल टाकताना टाच टेकते की नाही? वजन पुढच्या पायावर पडलंय का? पडलं असेल तर तो मुलगा अर्ध्या सेकंदासाठी कोपऱ्याच्या हवाली झाला. हात लांब असणं ही देणगी आहे, पण हात पोचवायला पाय तिथे न्यावे लागतात आणि परतही आणावे लागतात.

दुसरी गोष्ट, दिशा. एकाच बाजूनं आत शिरणारे, एकाच हातानं शिवणारे चढाईपटू गावस्पर्धांत भरपूर गुण घेतात, कारण समोरच्या संघानं त्यांना पूर्वी पाहिलेलं नसतं. वरच्या पातळीवर त्यांच्या चढाया व्हिडिओवर पुन्हा पुन्हा बघितल्या जातात. मग ज्या बाजूनं तो वळतो त्याच बाजूला मध्यरक्षक आधीच उभा सापडतो.

आणि तिसरी गोष्ट, तिसरी चढाई. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. इथे मुलगा उघडा पडतो. पहिल्या दोन चढायांत वेळ काढून परतता येतं. समोरच्यांनाही घाई नसते. तिसऱ्या चढाईत तोच आत जातो ज्याला जावंसं वाटतं. काही संघांत सर्वाधिक गुण घेणारा गडी तिसऱ्या चढाईच्या वेळी हळूच पाठ फिरवतो आणि एखाद्या धाकट्या खेळाडूला पुढे ढकलतो. गुणफलकावर हे कुठेच दिसत नाही. खुर्ची उलटी फिरवून बसलेल्या माणसांना मात्र दिसतं.

गुणांची किंमतही सारखी नसते. संघ वीस गुणांनी पुढे असताना आणलेला दोनाचा गुण आणि अंगणात तीनच गडी उरलेले असताना आणलेला एक गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या एका गुणानं बाहेर बसलेला एक सहकारी जिवंत होतो, लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, टळतं, आणि लोणाचे दोन जादा गुण समोरच्याला मिळत नाहीत. स्पर्धेच्या शेवटी ‘उत्कृष्ट चढाईपटू’चं बक्षीस बहुधा एकूण गुणांवर दिलं जातं. चांगला पारखी ते बक्षीस घेणाऱ्याकडे बघतो, पण त्याच्यावर थांबत नाही.

एकशे नव्व्याण्णवावा मुलगा

ही अडचण कळंबोलीची किंवा कबड्डीची एकट्याची नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, समोरून अंगावर येणारे बचावपटू पोचायच्या आत दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचं हे त्याला ठरवायचं असतं. महाविद्यालयात चमकलेल्या मुलांना तिथे दर वर्षी ‘ड्राफ्ट’मधून व्यावसायिक संघ उचलतात. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्याला साधारणपणे पहिली निवड. त्याआधी इंडियानापोलिसमध्ये मुलांची मोजणी होते: उंची, वजन, तळहाताची रुंदी, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ. मुलाखती घेतल्या जातात, जुन्या सामन्यांच्या फिती पाहिल्या जातात. पैसा अफाट, शास्त्र अफाट.

तरीही २००० साली मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीला सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतलं गेलं. त्याच्या आधी त्याच जागेचे सहा खेळाडू निवडले गेले होते. ब्रेडी पळण्यात मंद आणि दिसायला किरकोळ होता. पुढे त्यानं सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथला विजेतेपदाचा सामना, जिंकला. त्याआधी दोन वर्षं, १९९८ साली, पहिला कोण घ्यावा यावर तज्ज्ञांत खरोखर वाद होता: पेटन मॅनिंग की रायन लीफ? मॅनिंग पहिला गेला आणि थोर ठरला. लीफ दुसरा गेला आणि काही हंगामांतच संपला. २०२२ साली अगदी शेवटचा, २६२वा निवडलेला ब्रॉक पर्डी दोन वर्षांच्या आत सुपर बोलमध्ये आपल्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला.

एवढं मोजूनही चुकतं, कारण जे मोजलं जातं ते शरीर, आणि जे लागतं ते शरीराच्या आत कुठेतरी घडतं. शिवाय महाविद्यालयात त्या मुलाला दमदार साथीदार मिळालेले असतात, समोरचे बचावपटू संथ असतात, फेकायला जागा मोकळी मिळते. वरच्या पातळीवर ती जागा अर्ध्या सेकंदात बंद होते. पनवेल तालुक्यातल्या रात्रीच्या सामन्यात पंधरा गुण घेणाऱ्या चढाईपटूचं वेगळं काही नाही. समोरचा कोपरारक्षक दिवसभर कामावरून आलेला असतो. लीगमधला कोपरारक्षक सकाळ-संध्याकाळ फक्त घोटे पकडण्याचा सराव करतो.

माती आणि मॅट

मातीवरून मॅटवर गेलेल्या मुलाचे पहिले काही महिने कठीण जातात. पायात बूट येतात, अंगठ्याचा आधार जातो. मॅटवर पकड जास्त, त्यामुळे वेग जास्त, आणि वळताना पाऊल जिथे रोवलं तिथेच अडकतं. शरीर फिरतं, पाय फिरत नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होते ती अशीच. मातीवर घसरून निभावलेली चूक मॅटवर शस्त्रक्रियेपर्यंत नेते. म्हणून आता शाळा-महाविद्यालयांतले जागरूक प्रशिक्षक मिळेल तेव्हा मॅट मिळवतात आणि मुलांना आधी गुडघ्याभोवतीचे स्नायू कमवायला लावतात.

वजनाचं त्रांगडं वेगळंच. किशोर आणि कुमार गटांत वयाची अट असते तशीच वजनाचीही असते. निवड चाचणीच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं म्हणून मुलं आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, स्वेटर घालून पळतात. त्या दिवशी निवडकर्त्यांना दिसतो तो अर्धा वाळलेला मुलगा. दोन वर्षांनी तोच वरच्या गटात गेला की अंगानं भरलेल्या गड्यांपुढे त्याला दहा-बारा किलो वाढवावे लागतात. ते वाढवल्यावर त्याचे पाय आहेत तसेच राहतील का? हा प्रश्न कुणालाच टाळता येत नाही आणि याचं उत्तर कुठल्याही चाचणीत मिळत नाही. त्यात वयचोरीची भर. एकोणीस म्हणून उतरलेला बावीस वर्षांचा गडी समोरच्या खऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला लोळवतो, आणि निवडकर्ता दोघांबद्दलही चुकीचं मत घेऊन घरी जातो.

बचावपटूंची पारख तर आणखी उशिरा होते. चढाईपटूची चमक सोळाव्या वर्षीही दिसते. कोपरारक्षक बनतो तो मार खाऊन. कोपरा एकट्याचा नसतो. आतल्या गड्याशी जुळलं तर त्याची झेप यशस्वी, नाहीतर तीच झेप आततायीपणा. एका संघातला चांगला कोपरारक्षक दुसऱ्या संघात जाऊन निष्प्रभ ठरतो, आणि दोष त्याच्या पायांचा नसतो.

हातोड्याखाली

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांचा होता. त्या वेळी तो आकडाही कबड्डीवाल्यांना स्वप्नासारखा वाटला. २०१८ साली इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबानं एक कोटीला घेतलं आणि कोटीचा उंबरठा ओलांडला गेला. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले.

लिलावात खेळाडू चार गटांत विभागलेले असतात. दहाव्या हंगामाच्या वेळी ‘अ’ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ‘ब’ची २०, ‘क’ची १३ आणि ‘ड’ची ९ लाख होती, प्रत्येक संघाच्या थैलीत पाच कोटी. आपला जुना खेळाडू दुसऱ्यानं बोली लावून नेला, तर तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचं ‘फायनल बिड मॅच’ नावाचं पान काही खेळाडूंपुरतं संघाच्या हातात असतं. त्यामुळे अनेकदा बोली लावणारा शेजाऱ्याची थैली हलकी करण्यासाठीच आकडा चढवतो. त्या आकड्यात खेळाडूची पारख किती आणि डावपेच किती, हे बाहेरच्याला सांगता येणं कठीण.

तरुणांसाठी वाट निराळी. लीगनं २०१७ मध्ये ‘फ्यूचर कबड्डी हिरोज’ हा शोध कार्यक्रम सुरू केला; शहरोशहरी चाचण्या घेऊन मुलं टिपायची. २०२२च्या लिलावात तर बंगळुरूच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांचे २४ खेळाडू थेट यादीत घेतले गेले. महाविद्यालयातून व्यावसायिक मैदानाकडे जाणारा हा आपल्याकडचा सरळ रस्ता. त्याच वर्षापासून तेवीस वर्षांखालच्यांची युवा कबड्डी सिरीजही सुरू झाली, आणि संघांचे शोधक तिथे नजर ठेवू लागले. शिवाय प्रत्येक संघ काही नवोदितांना लिलावाबाहेर कमी मोबदल्यात करारबद्ध करतो. दबंग दिल्ली संघाचा नवीन कुमार २०१८ मध्ये असाच आला. पुढच्याच वर्षी त्यानं लागोपाठ २१ सामन्यांत दहा किंवा अधिक चढाईगुण घेतले.

लिलावातल्या पारखीचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र परदीप नरवालचं. दुसऱ्या हंगामात बंगळुरू बुल्सकडून सहा सामन्यांत त्याला अवघे नऊ गुण मिळाले. बंगळुरूनं त्याला सोडलं. पाटण्यानं उचललं आणि साखळीखालून वाकून निसटायच्या त्याच्या डुबकीनं लीगचा इतिहास बदलला. पाचव्या हंगामात एकट्यानं ३६९ चढाईगुण. २०२१ मध्ये यूपी योद्धानं त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं. आणि कारकिर्दीत अठराशेहून अधिक चढाईगुण घेतलेला हाच परदीप २०२५च्या लिलावात विकला गेला नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली. एकाच माणसाबद्दल बाजार सुरुवातीला चुकला. शेवटी तो चुकला की बरोबर होता, हे आता कुणालाच कळणार नाही.

हुंदळेवाडी, सांताक्रूझ, टाकळीभान

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या तीन कहाण्या शेजारी ठेवल्या, तर पारखीचं कोडं अधिक स्पष्ट होतं.

सिद्धार्थ देसाई चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. उंच, रुंद, लांब हातांचा. बघताक्षणी पटावा असा. मोठा भाऊ सूरज हाही चढाईपटू. २०१८ मध्ये यू मुंबानं सिद्धार्थला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्यानं पहिल्याच हंगामात २१८ चढाईगुण घेतले. वर्षभरात त्याची किंमत १ कोटी ४५ लाख झाली. तेलुगू टायटन्सकडून पुन्हा दोनशेच्या वर गुण. मग खांद्याची दुखापत, आणि आठव्या हंगामातून तो लवकरच बाहेर पडला. इथे पारख चुकली असं म्हणता येत नाही. जे दिसत होतं ते खरं होतं. खांद्याचं मात्र कुणाला दिसत नव्हतं.

रिशांक देवाडिगा सांताक्रूझचा. अंगानं आडदांड नाही. त्याची ताकद नजरेत आणि कमरेत. मैदानाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू त्याला सारख्या. २०१७ मध्ये यूपी योद्धानं साडेपंचेचाळीस लाखांना घेतलं, आणि त्याच हंगामात जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्यानं २८ चढाईगुण घेतले, तेव्हाचा विक्रम. लगेचच जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवलं. त्यानंतरच्या लिलावात तो कोटीपार गेला. रिशांकला पहिल्यापासून पाहणाऱ्यांना त्याचं मोल ठाऊक होतं. बाजाराला ते कळायला राष्ट्रीय विजेतेपद लागलं.

आणि अस्लम इनामदार, टाकळीभानचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला. वडील लवकर गेलेले, आईनं शेतमजुरी करून मुलांना वाढवलं, अस्लमनंही मिळेल ती कामं केली. त्याच्यावर लाखोंची बोली लागली नव्हती. पुणेरी पलटणनं त्याला नवोदित म्हणून घेतलं. पहिल्याच हंगामात दीडशेहून अधिक चढाईगुण. २०२३च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, नाशिकच्या आकाश शिंदेबरोबर. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणेरी पलटणनं पहिल्यांदा लीग जिंकली तेव्हा कर्णधार अस्लम होता, आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुणेरी पलटणच्या पारखीचं इथे कौतुक करायला हवं. महागडी नावं गोळा करण्याऐवजी त्यांनी एका वयाची पोरं एकत्र वाढवली आणि हरण्याची मुभा दिली. चढाई आणि पकड दोन्ही करणारा, तिसऱ्या चढाईला स्वतः जाणारा कर्णधार त्यातून घडला. तो कुठल्याही मोजपट्टीवर आधी उठून दिसला असता, असं वाटत नाही.

घरच्यांची पारख

मैदानाबाहेर आणखी एक निवड समिती बसलेली असते. ती घरात असते आणि तिचा प्रश्न एकच: नोकरी कधी?

लीग येण्यापूर्वी कबड्डीतला खरा ‘ड्राफ्ट’ नोकरीचाच होता. रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र, मुंबई पोर्ट ट्रस्ट यांच्या संघांत जागा मिळाली म्हणजे पोरगं मार्गी लागलं. हे संघ पारख करत ती पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबानं. माणूस खेळेल, मग टेबलावर बसेल, मग संघाला शिकवेल. राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आजही अनेक घरांत लीगच्या करारापेक्षा मोठं मानलं जातं. त्यासाठी राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि रात्रीच्या गावस्पर्धेत जिंकलेली मोटरसायकल तिथे उपयोगी पडत नाही. आई-वडिलांचा हा हिशेब व्यवहारी आहे. लीगचा करार हंगामापुरता किंवा फार तर दोन-तीन हंगामांचा. गुडघा एकदा गेला की पुढचा लिलाव नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न इथेच संपतो. रायगडात आणि मुंबईत मुलींचे उत्तम संघ आहेत. अभिलाषा म्हात्रेसारखी भारताची कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेती याच मातीतली. पण २०१६ साली तीन संघांचं ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झालं आणि प्रो कबड्डीच्या मंचावर त्यानंतर मुलींची लीग उभी राहिली नाही. त्यांच्याकडे पारखी नजरेनं बघायला आजही येतात ते मुख्यतः रेल्वे, पोलीस आणि बँका.

वही

मग कळंबोलीतल्या मुलाबद्दल भरवशानं कोण सांगू शकतं? लीगचे शोधक एका चाचणीत किंवा एखाद्या स्पर्धेच्या दोन-तीन सामन्यांत बघतात. जिल्हा निवड समितीला एका दिवसात डझनावारी संघ संपवायचे असतात. मुलाला सलग चार-पाच हंगाम पाहतो तो त्याच्या मंडळाचा नाहीतर शाळेचा प्रशिक्षक: तो हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला आला का, कोपऱ्यानं दोनदा आपटल्यावर तिसऱ्यांदा त्याच कोपऱ्याकडे गेला का, वजन वाढल्यावर पाय जड झाले का. ही माहिती सर्वांत मोलाची आहे आणि ती फक्त डोक्यात आहे. प्रशिक्षक निवृत्त झाला, मुलगा गाव सोडून गेला, की ती गेली.

लीगमध्ये प्रत्येक चढाईची नोंद असते: किती यशस्वी, किती रिकाम्या, किती तिसऱ्या. बहुतेक गावस्पर्धांत मात्र गुणपत्रिकेवर संघाचे गुण राहतात, आणि सामना संपल्यावर ती पत्रिकाही हारांच्या ढिगात जाते. हे बदलायला मॅट लागत नाही की कॅमेरा लागत नाही. चषकांवर, फ्लेक्सवर आणि डीजेवर जो खर्च होतो त्याच्या कणभर खर्चात हे होईल.

तेव्हा या हिवाळ्यात कळंबोलीत, रोडपालीत, पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही गावात ज्या मंडळाच्या मैदानावर दिवे लागतील, त्यांनी गुणलेखकाच्या शेजारी एक मुलगा आणि एक वही बसवावी. प्रत्येक चढाई कुणाची, अंगणात तेव्हा गडी किती, चढाई कितवी, आणि काय झालं, एवढ्या चार रकान्यांची. स्पर्धा संपली की त्या वहीची प्रत मुलांच्या प्रशिक्षकांना द्यावी, आणि एक प्रत रायगड जिल्हा कबड्डी असोसिएशनकडे पाठवावी. असोसिएशननं ती निवड चाचणीच्या टेबलावर ठेवावी.